भटकंतीसाठी छोटा, दणकट कॅमेरा कसा निवडावा

दुकानात कॅमेरा हातात आला की आधी तो उलटा करा आणि बॅटरीचं झाकण उघडा. मेगापिक्सेल, झूम, रंग हे सगळं नंतर. झाकणाच्या आतल्या कडेला रबराची बारीक पट्टी दिसेल, तिला सील म्हणतात. पाण्यात आणि धुळीत कॅमेरा वाचतो तो या पट्टीच्या जिवावर, बाहेरचं कवच कितीही जाडजूड दिसो.

हे मला एक कॅमेरा गमावून कळलं. नदीकाठच्या वाळूत बसून बॅटरी बदलली, झाकण लावलं, खट् असा आवाजही आला. पाण्यात उतरल्यावर अर्ध्या तासात स्क्रीनला आतून वाफ धरली. झाकण उघडलं तर सीलवर वाळूचा एकच कण चिकटलेला, आणि त्याच्या शेजारून पाण्याची बारीक रेघ आत गेलेली. कार्डावरचे फोटो वाचले, कॅमेरा पुन्हा सुरू झाला नाही.

म्हणून पहिली पायरी झाकणाची. त्याला दुहेरी बंदोबस्त हवा: एक सरकवायची कडी आणि ती चुकून सरकू नये म्हणून वेगळा खटका. झाकण नीट बसलं नसेल तर रंगीत खूण डोळ्यांत भरेल अशी रचना असेल तर फारच चांगलं. झाकण पाच-सहा वेळा उघडून लावून बघा. बिजागरी आत्ताच लुळी वाटत असेल तर तो कॅमेरा खाली ठेवा.

दुसरी पायरी: कॅमेरा चालू करा आणि लेन्स बाहेर येते का पाहा. बाहेर येणारी नळी म्हणजे धूळ शिरायला वाट आणि आपटल्यावर वाकणारा भाग. दणकट कॅमेऱ्यांत लेन्स सहसा पूर्ण आतच असते. प्रकाश समोरच्या काचेतून शिरतो, प्रिझमवर काटकोनात वळतो आणि कॅमेऱ्याच्या आत आडव्या किंवा उभ्या बसवलेल्या भिंगांतून सेन्सरपर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपपर्यंत जातो. झूम केला तरी बाहेरचं काहीच हलत नाही.

तिसरी पायरी आकडे वाचण्याची, आणि इथे घाई करू नका. आयपी६८ हा धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा; यात पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ हा सर्वांत वरचा दर्जा. पाण्याचा ७ म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून अवघड कसोटी, पण नेमकी किती खोली आणि किती वेळ हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. त्यामुळे नुसता ८ पाहून थांबू नका, मीटरमधला आकडा शोधा. २०२३ साली आलेल्या ओएम सिस्टमच्या टफ टीजी-७ या दणकट कॅमेऱ्याचे आकडे असे आहेत: पाण्यात १५ मीटर, पडण्याची उंची २.१ मीटर, दाब १०० किलो, थंडी उणे १० अंश सेल्सिअस. पावसातली पायपीट, होडी, पाण्याच्या पृष्ठभागालगतचं पोहणं यासाठी एवढं पुरेसं आहे. पाण्यात दर १० मीटरला साधारण हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा दाब वाढतो, तेव्हा खोल डायव्हिंग करणार असाल तर वेगळी जलरोधक पेटीच घ्या.

पडण्याच्या आकड्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ही चाचणी बहुधा ५ सेंटिमीटर जाडीच्या प्लायवूडवर कॅमेरा पाडून घेतात. डोंगरातला कातळ प्लायवूडइतका दयाळू नसतो. जोरात आपटलेल्या कॅमेऱ्याच्या पाणीरोधकपणाची खात्री कंपनीही देत नाही. तो आधी तपासून घ्या, मगच पाण्यात न्या.

फोटोच्या दर्जाबद्दल अपेक्षा माफक ठेवा. या प्रकारात सेन्सर सहसा जेमतेम ६ मिलिमीटर रुंद असतो. इतक्या जागेत २० मेगापिक्सेल कोंबण्यापेक्षा १२ मेगापिक्सेल आणि उजळ लेन्स मला कधीही चालेल. एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स उजळ: एफ/३.५ च्या तुलनेत एफ/२.० ची लेन्स साधारण तिप्पट प्रकाश आत घेते, आणि दाट झाडीत किंवा पाण्याखाली तोच फरक कामाला येतो. रात्रीच्या फोटोंत चांगला फोन या कॅमेऱ्यांना मागे टाकतो, हे मान्य करूनच खरेदी करा. हे पैसे आपण फोन बाहेर काढायची हिंमत होत नाही तिथल्या फोटोंसाठी मोजतोय.

बटणं हातमोजे घालून दाबून बघा. ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, पाण्याखाली तर अजिबातच नाही. मनगटाला बांधायचा तरंगणारा पट्टा लगेच घ्या, कारण यातले बहुतेक कॅमेरे हातातून सुटले की सरळ तळ गाठतात.

बॅटरी काढता येणारी हवी आणि जोडीला एक जादा हवी. थंडीत लिथियम बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. ती बदलायची तर रात्री, कोरड्या जागी, हात पुसून. दमट हवेत झाकण उघडलं तर ती हवा आत कोंडली जाते आणि गार पाण्यात उतरताच लेन्सवर आतून धुकं धरतं.

जुना कॅमेरा स्वस्तात मिळत असेल तर सील शेवटचं कधी बदललं ते विचारा. रबर वयानुसार कडक होतं. बऱ्याच कंपन्या ते वर्षाला बदलायला सांगतात. उत्तर मिळालं नाही तर तो कॅमेरा पावसापुरता समजा. नव्याच्या बाबतीत वॉरंटीत पाणी शिरल्याचं नुकसान धरलंय का, हे कागदावर वाचून घ्या.

घरी आणल्यावर, प्रवासाच्या आधी, बादलीभर साध्या पाण्यात कॅमेरा तीन-चार मिनिटं बुडवून ठेवा. झाकणाच्या कडेतून बुडबुड्यांची माळ येते का बघा. बाहेर काढून मऊ फडक्याने पुसा, झाकण खाली करून उघडा आणि सीलच्या आतल्या बाजूवरून कोरडं बोट फिरवा. बोट कोरडंच राहिलं तर कॅमेरा पिशवीत भरा. समुद्रातून आल्यावरही झाकण बंद ठेवूनच त्याला गोड्या पाण्यात दहाएक मिनिटं भिजू द्या. मीठ वाळलं की बटणं अडकायला लागतात.