अमेरिकेत समुपदेशक व्हायचंय? सुरुवात कोल्हापूरच्या फेऱ्यांपासून

लग्न ठरलं, नवरा अमेरिकेत, आणि हातात सायकॉलॉजीची बी.ए. किंवा एम.ए. आपल्या सांगली-मिरजेच्या अशा मुली मला विचारतात, "ताई, तिकडे प्रॅक्टिस करता येईल का?" येते. मी न्यू जर्सीत करते. वाट लांबची आहे, पण तिचा पहिला टप्पा तुमच्या हातात आहे आणि तो निघण्याआधीच उरकायचा असतो.

शिवाजी विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढून घ्या. आपली पदवी तिकडच्या कुठल्या पदवीच्या तोडीची हे ठरवणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या मूल्यमापन संस्थांना कागदपत्रं थेट विद्यापीठाकडून लागतात, म्हणून ती पाठवायची पद्धत तिथेच समजून घ्या. सोबत तुमच्या बॅचचा अभ्यासक्रम हवा, पेपरनिहाय आणि शिक्क्यासह. अभ्यासक्रम बदलत राहतो, त्यामुळे आत्ताचा चालत नाही. ही कामं नंतर आईवडिलांवर सोपवू नका. खिडकीवरच्या क्लार्कने "कुठल्या पॅटर्नचा?" असं विचारलं, तर त्यांनी काय सांगायचं?

मग नेमकं काय व्हायचंय ते ठरवा. 'सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते, पीएच.डी. किंवा साय.डी. (प्रत्यक्ष उपचारावर भर असलेली डॉक्टरेट), आणि वर ईपीपीपी ही सायकॉलॉजिस्टच्या लायसन्सची परीक्षा. संशोधनाची खरी ओढ असेल तर पीएच.डी. करा, पुष्कळ ठिकाणी फी माफ होऊन स्टायपेंडही मिळतो. पण माणसांसोबत बसून काम करायचं असेल, तर समुपदेशनातलं मास्टर्स मला जास्त योग्य वाटतं. आपली भारतातली एम.ए. असली तरी बहुधा ते करावंच लागतं.

कॉलेजचा कोर्स कॅक्रेप-मान्यताप्राप्त आहे का, हे आधी बघा; कॅक्रेप म्हणजे समुपदेशनाच्या कोर्सना मान्यता देणारी तिकडची संस्था. त्यात ६० क्रेडिट, १०० तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव) आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. इंटर्नशिपमधले निदान २४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबत. सेशनचं रेकॉर्डिंग सुपरवायझर तुमच्याशेजारी बसून बघतात. मध्येच थांबवून विचारतात, "ती गप्प झाली तेव्हा तू लगेच का बोललीस?" आपल्याकडे कुणी रडायला लागलं की आपण चटकन पाणी देतो, समजूत घालतो. तिथे शांत बसायला शिकावं लागतं. याचा सराव आत्तापासून करा, मैत्रिणीचं ऐकताना सुद्धा.

व्हिसाचं गणित कुणी नीट सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या एच-१बी नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, शिकता येतं, पण वर्क परमिटशिवाय नोकरी करता येत नाही, आणि ते परमिट सगळ्यांना मिळत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलात तर पदवीनंतर साधारण १२ महिन्यांचं ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची परवानगी, मिळतं. समुपदेशकाच्या लायसन्ससाठी पदवीनंतर लागणारे देखरेखीखालच्या कामाचे तास मात्र त्या १२ महिन्यांत सहसा पुरे होत नाहीत. प्रवेश घेण्याआधी वकिलाशी आणि कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाशी बोला. इंटर्नशिपला पगार असेल तर तुमच्या व्हिसावर तो चालतो का, तेही विचारा.

लायसन्स राज्य देतं. नवऱ्याची बदली टेक्सासला झाली की नियम वेगळे, म्हणून प्रत्येक तासाची सुपरवायझरच्या सहीची नोंद स्वतःजवळ ठेवा.

आणि प्रोफाइलवर 'मराठीतून समुपदेशन' हे जरूर लिहा. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा तिथे फार एकटे पडतात आणि इंग्रजीत मन मोकळं करू शकत नाहीत. फक्त ते सांगलीला परतल्यावर फोनवर सेशन सुरू ठेवण्याआधी लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाला विचारून घ्या. क्लायंट जिथे बसलाय तिथले नियम लागू होतात.