रडू थांबवण्याची घाई: बालवाडीत या चुका टाळा

जून महिन्यात अंगणवाडीच्या दारात जे रडणे सुरू होते ते पहिल्याच आठवड्यात थांबले पाहिजे, असा नव्या सेविकांचा हट्ट असतो. शेजारच्या खासगी बालवाडीत तर हा हट्ट बाईंपेक्षा संचालकांचाच अधिक असतो, कारण रडणारे मूल पालकांना दिसले की प्रवेश कमी होतील अशी त्यांना भीती वाटते. वास्तविक आईपासून दूर होण्याची भीती बाळाला साधारण आठव्या महिन्यापासून वाटू लागते, एक ते दीड वर्षाच्या सुमारास ती सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास ओसरू लागते. त्यामुळे तीन वर्षांचे मूल अनोळखी खोलीत रडले, तर त्यात बिघडलेले काहीही नसते. बिघाड सुरू होतो तो आपण ते रडणे झटपट मिटवायला निघतो तेव्हा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी युक्ती म्हणजे ‘पोराला खेळण्यात गुंतवा आणि आईने डोळा चुकवून निघून जावे’ ही. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात एक नवी बाई ही युक्ती मोठ्या अभिमानाने वापरत असे. तिथे एका मुलाची आई कपाशीच्या निंदणीला जायची. बाईंनी मुलाच्या हाती रंगीत चेंडू दिला, आई मागच्या बाजूने निसटली, आणि काही दिवस सारे सुरळीत चालले. त्यानंतर मात्र हा मुलगा पायातल्या चपला काढेना आणि खांद्यावरचे दप्तर खाली ठेवेना. भिंतीला पाठ लावून तो दाराकडे बघत बसे. लघवीलाही उठत नसे, कारण तेवढ्यात काय घडेल याचा त्याला भरवसा उरला नव्हता. चेंडू दिसला की तो ओरडू लागे. घरी आई मोरीत गेली तरी हा दाराशी उभा राहून रडे. बाईंचे म्हणणे, ‘मुलगा हट्टी आहे, घरच्यांनी लाडावला आहे.’ मला त्या मुलाचे वागणे अगदी तर्कशुद्ध वाटले: नजर हटली की माय नाहीशी होते, हे त्याला आपणच शिकवले होते.

ते निस्तरायला पोळा उजाडला. आधी आई काही दिवस वर्गातच पोत्यावर बसली, मग ओट्यावर, मग समोरच्या निंबाखाली. त्यानंतर रोज ती मुलाच्या डोळ्यांत बघून सांगू लागली, ‘खिचडी खाई झाली का मी येसू,’ आणि खरोखर तेव्हाच येऊ लागली. तीन वर्षांच्या मुलाला साडेबारा वाजणे कळत नाही, खिचडी कळते. म्हणून मी वेळ नेहमी दिनक्रमाला बांधते. आईचा वापरलेला, न धुतलेला रुमाल मुलाच्या खिशात राहू देते. निरोप मात्र आखूड असावा. तीनदा मागे फिरून पापा घेणाऱ्या आयांना मी स्पष्टच सांगते की अशाने मुलाच्या मनात आपणच शंका पेरतो.

दुसरी चूक याच्या उलट असते. न रडणारे, न बोलणारे, सांगितल्या जागी बसून राहणारे मूल सगळ्यांना ‘शहाणे’ वाटते आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. सातपुड्याच्या डोंगरात आणि पायथ्याशी, चोपडा, शिरपूर किंवा धडगावच्या बाजूला, घरी पावरी किंवा भिली, बाजारात अहिराणी आणि वर्गात पुस्तकी मराठी अशी परिस्थिती असते. नवी भाषा कानावर पडत असताना मूल काही महिने गप्प राहू शकते. ते ऐकत असते. परंतु घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत पहिला महिना उलटल्यावरही, आपल्याच बोलीत, आपल्याच पाड्यातल्या सोबत्याशीसुद्धा बोलत नसेल, तर तो अबोला बहुधा चिंतेतून आलेला असतो. अशा एका मुलीला सर्वांसमोर उभे करून ‘जीभ नाही का तुला?’ असे विचारले गेल्याचे मी पाहिले आहे. तिने फ्रॉकची कड तोंडात धरली आणि दुपारपर्यंत सोडली नाही. चॉकलेटचे आमिषही तितकेच वाईट, कारण त्यातून बोलणे ही परीक्षाच होऊन बसते.

माझी सवय अशी की अशा मुलाच्या समोर न बसता शेजारी बसायचे, प्रश्न एकही विचारायचा नाही, माती मळायची आणि जे चालले आहे तेवढे पुटपुटत राहायचे. मान हलवणे, बोट दाखवणे, हेही उत्तर म्हणून स्वीकारायचे. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, त्यामागचे शहाणपण इथे उपयोगी पडते: बाई एकदा त्या मुलीच्या ओट्यावर जाऊन बसली, तर वर्गातल्या महिन्याभराच्या आर्जवापेक्षा अधिक काम होते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. ‘तुझी माय येणारच नाही’ ही धमकी थट्टेतही देऊ नये. चड्डी ओली झाली तर सर्वांदेखत बोलू नये. वेगळी चड्डी ठेवावी, आणि हे वारंवार होऊ लागले तर बद्धकोष्ठ किंवा लघवीचा संसर्ग नाही ना, हे डॉक्टरांकडून आधी पाहून घ्यावे. चिडचिड करणाऱ्या मुलाला मानसिक त्रास आहे असे ठरवण्यापूर्वी त्याने सकाळी काही खाल्ले आहे का, रात्री झोपले का, आणि एप्रिलात आपला पत्र्याचा वर्ग किती तापला आहे, हेही बघावे. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला गेले आणि मूल आजीजवळ राहिले, तर त्याचे चावणे-मारणे ही शिस्तीची बाब समजू नये. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून एखाद्याला ‘ऑटिझम’ ठरवून मोकळे होणाऱ्यांविषयी मी न बोललेलेच बरे.

रडणे, न खाणे, रोजची पोटदुखी किंवा आपल्या बोलीतलाही अबोला चार आठवड्यांहून अधिक टिकला, अथवा येत असलेले बोलणे बंद झाले, तर मात्र थांबू नये. बोलणे गेले असेल तर चार आठवड्यांचीही वाट पाहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पण ते येईपर्यंत कळ काढण्याची गरज नाही. आधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवता येते आणि तिथून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवले जाते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पालकांना आणि सेविकांनाही चालतो. पाठवताना ‘मूल विचित्र वागते’ असे लिहू नये. कोणत्या वेळी, कशानंतर, किती वेळ आणि कोणाजवळ शांत झाले, एवढे आठवडाभर वहीत टिपून ती वही आईच्या हाती द्यावी, आणि हे बोलणे दारातल्या गर्दीत न करता तिला आत बसवून करावे.