जुना बँड पुन्हा जमवून अल्बम करताना

फुटलेला कंट्री रॉक बँड वीस-पंचवीस वर्षांनी सांगली-मिरजेत पुन्हा जमतो तेव्हा पहिल्याच बैठकीत कुणीतरी जुनी कॅसेट काढतो आणि सगळे त्याच पट्टीत, त्याच लयीत वाजवायला बसतात. बहुतेक रियुनियन अल्बम तिथेच बिघडतात. अल्बम आजच्या गळ्यावर बांधायचा असतो. कॅसेट फक्त गाणी आठवायला.

तीही नीट ऐका. डेकचा बेल्ट सैल असेल तर टेप हळू चालते, आणि वेग सहा टक्क्यांनी हलला की गाणं जवळपास अर्धा स्वर हलतं. म्हणजे कॅसेटवर ऐकू येणारी पट्टी मुळात ती नसतेच. तेव्हा गिटार ए = ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर लावली होती याची खात्री असेल तर ट्यूनर समोर ठेवून मोकळ्या तारा तपासा आणि वेग जुळवून घ्या. २०१९ च्या पुरात भिजलेली कॅसेट मशीनमध्ये मुळीच घालू नका, वाळलेला गाळ हेड घासून काढतो. स्क्रू काढून रीळ डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, नव्या कवचात बसवा आणि पहिल्याच वाजवण्यात कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. दुसऱ्या खेपेला टेप टिकेलच असं नाही.

गाणी किती? बारा नवी गाणी करायचा हट्ट नको. १९८० मध्ये थांबलेला ‘ईगल्स’ हा अमेरिकन बँड १९९४ मध्ये परतला तेव्हाच्या अल्बमवर स्टुडिओतली नवी गाणी चारच होती, बाकी अकरा मैफिलीतली. उलट १९७३ मध्ये ‘बर्ड्‌स’ या अमेरिकन बँडचे मूळ पाचही जण एकत्र आले, ज्याने त्याने आपापली गाणी आणली, आणि समीक्षकांनी तो अल्बम झोडपला. नवी तीन-चार गाणी सगळ्यांनी मिळून बसवलेली असावीत, एवढी अट पुरे.

आता पट्टी. मुख्य गायकाने वीस मिनिटं गळा तापवावा आणि मुखड्यातली सर्वांत वरची ओळ सलग चार वेळा म्हणावी. चौथ्या वेळी स्वर ताणला गेला तर अर्धा स्वर खाली या, पुन्हा चार वेळा. चौथी खेप पहिलीइतकी स्वच्छ येईल ती पट्टी पक्की करा. स्टुडिओत तीच ओळ दहा-बारा वेळा म्हणावी लागते, तिथे जिद्द कामाची नाही.

पट्टी उतरली की गिटारवाले कुरकुरतात, कारण मोकळ्या तारांची झंकार जाते. जी मधलं गाणं एफवर आलं तर ई चे कॉर्डचे आकार पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) लावून वाजवा, किंवा डी चे आकार तिसऱ्यावर. जी चेच आकार हवे असतील तर सगळी गिटार एक पूर्ण स्वर उतरवा. पण मग बाराच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) तारा फडफडतात, तेराचा संच घाला. ताण साधारण पूर्वीइतकाच राहतो, त्यामुळे नेकच्या रॉडला (गिटारची मान सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) सहसा हात लावावा लागत नाही. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा मात्र जाड तारांना अरुंद पडतात, तार अडकते आणि सूर टिकत नाही. मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर आहेत, खाचा घासून देता का विचारा. पडदे बदलायचे असतील तर गिटारचंच काम करणारा माणूस शोधा.

पट्टी खाली गेल्यावर हार्मनीतला सर्वांत खालचा आवाज पुटपुटू लागतो. तो सप्तक वर न्या, नाहीतर त्या जागी बाईचा आवाज घ्या. पूर्वी वर गाणाऱ्याला आता खालचा भाग द्यायला लाजू नका.

पेडल स्टील गिटारसाठी अडून बसू नका. दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्याने हलवायचे चार-पाच लिव्हर असलेलं ते वाद्य हाती यायला वर्षं जातात. जुन्या ऑर्केस्ट्रात हवाईन गिटार वाजवणारे लोक आपल्याकडे होते. त्यांच्यातला एखादा सापडला तर सी सिक्स्थ (C6) ट्यूनिंगवर व्हॉल्यूम पेडलसह वाजवायला सांगा. दोन तारा वेगवेगळ्या ओढल्याचा पेडलचा परिणाम मिळणार नाही, पण स्वरांची लांब ओढ मिळेल, आणि गाण्याला बहुतेक वेळा तेवढीच हवी असते.

रेकॉर्डिंगची खोली रस्त्यापासून आत हवी. ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीवरचे स्पीकर अर्धा किलोमीटर आधीच ऐकू येतात, मंद गिटारचा ट्रॅक तर हमखास वाया जातो. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर चालत नाही आणि दमट हवेत लाकूड फुगून सूर हलतो. हिवाळ्यातली रात्र घ्या, पंखा बंद ठेवा.

बास, ड्रम आणि अकूस्टिक गिटार एकत्र वाजवून घ्या. माणसं एकमेकांकडे पाहत वाजवतात तेव्हाच रियुनियनला अर्थ. अकूस्टिकचा माइक बाराव्या पडद्याकडे रोखून वीस सेंटीमीटरवर ठेवा, छिद्रासमोर ठेवला तर आवाज घुमतो. आता शेजारचा माइक या माइकपासून निदान साठ सेंटीमीटर दूर हवा, नाहीतर दोन्हींत एकच आवाज मागेपुढे शिरतो आणि मिक्समध्ये पातळ होतो. रेकॉर्डिंग २४ बिटवर ठेवा, आवाजाची शिखरं वजा दहा डेसिबलच्या आसपास. इलेक्ट्रिक गिटारचे सिंगल कॉइल पिकअप विजेची ५० हर्ट्झची घरघर पकडतात. वादकाने खुर्ची थोडी फिरवली तरी ती बरीच कमी होते. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर चालू असेल तर रेकॉर्डिंग थांबवा. घरघर घालवायला प्लगची अर्थिंग पिन तोडणं हा जिवाशी खेळ आहे, तो कुणी सुचवला तरी नको.

कागद रेकॉर्डिंगच्या आधी. परत न आलेल्या जोडीदाराने लिहिलेलं गाणं त्याच्या परवानगीशिवाय घेऊ नका. तो हयात नसेल तर हक्क वारसांकडे असतात, मृत्यूनंतर ६० वर्षं. जुन्या कंपनीशी केलेल्या करारात पुन्हा रेकॉर्ड करायला बंदी आहे का तेही वाचा. परवानगीविना कुणा इतराच्या गाण्याची नवी आवृत्ती कॉपीराइट कायद्याच्या ३१ सी कलमाखाली काढायची तर मूळ रेकॉर्डिंगला पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आणि रॉयल्टी वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींच्या हिशेबाने द्यावी लागते. गावपातळीच्या बँडला हे परवडत नाही. हक्कधारकाकडून थेट लेखी परवानगी घेणं बरं. वाटणीही लेखी ठरवा: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवणाऱ्याला काय. गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यावं. जुनं गाणं पुन्हा वाजवलं असेल तर त्याला नवा आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा ओळख) क्रमांक लागतो. जुनाच चिकटवला तर दोन्ही रेकॉर्डिंगचा हिशेब एकत्र होतो आणि पैसे चुकीच्या खात्यात जातात.