‘किती’, ‘काय’, ‘कुठला’च्या वाक्याला प्रश्नचिन्ह की उद्गारचिन्ह?

‘किती पाऊस पडला’ या वाक्याच्या शेवटी काय द्यायचं, यावर लिहिताना हात अडतो. चिन्ह चुकलं की विचारलेला प्रश्न आश्चर्य वाटतो.

१. प्रश्नार्थक शब्द काढून तिथे ‘खूप’ किंवा ‘फार’ घाला. बोलणाऱ्याला तेच म्हणायचं असेल, तर उद्गारचिन्ह: किती पाऊस पडला! काय सुरेख गाते ती!

२. समोरच्याकडून ‘चाळीस मिलीमीटर’ असं उत्तर हवं असेल, तर प्रश्नचिन्ह.

३. ‘कुठला’, ‘कसला’ यांना नकाराची कसोटी लावा. ‘तो कुठला येतोय!’ म्हणजे तो येणार नाही. इथे प्रश्नचिन्ह दिलं, तर वाचणारा गावाचं नाव शोधत बसेल. मराठीत हा नकार फार वापरला जातो आणि गफलत इथे सहज होते.

‘अरेरे’, ‘शाब्बास’, ‘अबब’ यांच्यानंतर उद्गारचिन्ह लगेच द्या. हाक मारताना मात्र स्वल्पविराम पुरतो: ‘आई, ऐक ना.’

संगणकावर मराठी टाइप करायच्या इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट आणि १ दाबलं की उद्गारचिन्हाऐवजी ‘ऍ’ उमटतो. उद्गारचिन्हासाठी विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या अंकपट्टीवर ३३ टाइप करा. भाषा बदलावी लागत नाही.

जपायचं एकच: चिन्हाआधी जागा सोडू नका. सोडली तर ओळ मोडताना ते एकटंच पुढच्या ओळीत जाऊ शकतं.