शॉवरची धार आणि व्हिनेगरची बाटली

सिंहगड रोडला आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच, म्हणजे पाणी धो धो येत असेल असं पाहुण्यांना वाटतं. असतं उलटंच. टाकीतलं पाणी शॉवरच्या जितकं वर, तितका दाब. 10 मीटरला साधारण 1 बार. आमच्या वाट्याला जेमतेम 3 मीटर. त्यामुळे वाटेतला बारीकसा अडथळाही लगेच जाणवतो.

प्लंबर म्हणाला, "साहेब, प्रेशर पंप बसवा." मी आधी बादली लावली. 10 लिटरची बादली खालच्या नळाखाली दीड मिनिटात भरली, शॉवरखाली सव्वाचार मिनिटं! म्हणजे पाणी शॉवरलाच अडत होतं.

पान्याला फडकं गुंडाळून (नाहीतर क्रोम खरवडतं) शॉवर काढला. आतली जाळी चुना फासल्यासारखी पांढरी. उन्हाळ्यातलं टँकरचं नि बोअरचं पाणी तिथे क्षार होऊन बसलं होतं. रात्रभर कोमट व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी जुन्या टूथब्रशने घासला, तर खपल्याच खपल्या. आट्यांवर नवी टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवला.

थंड पाणी सुधारलं, गरम मात्र रडकंच. गिझरच्या इनलेटचा सेफ्टी व्हॉल्व्ह क्षाराने अर्धा जाम झाला होता. तिथे मी हात घातला नाही. गिझर बंद करून गार होऊ दिला आणि त्याच प्लंबरकडून व्हॉल्व्ह बदलून घेतला. पंपाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

आता बादली दोन मिनिटांत भरते. आई मात्र अजून विचारते, स्वयंपाकघरातलं व्हिनेगर कुठे गेलं?