वडील गेल्यावर बोटीचा मासेमारी परवाना नावावर करताना एवढं आधी बघा

परवाना वारसाच्या नावावर करताना बऱ्याचदा गाडी अडते ती नावावर. बोटीच्या नोंदणीत एक नाव, आधारवर दुसरं, मच्छीमार सोसायटीत तिसरंच, आपल्याकडे कोळीवाड्यात घरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असणं नेहमीचंच.

म्हणून असं करा:

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, आणि त्याआधी बोटीचं नोंदणीपत्र, परवाना, आधार सगळं समोर ठेवून स्पेलिंगसकट जुळवून बघा. दाखल्याच्या जास्तीच्या प्रती तेव्हाच घ्या.

२. नावं जुळत नसतील तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेवा.

३. वारसांपैकी बोट कोण चालवणार ते घरात ठरवा आणि बाकीच्यांचं, आईचं आणि लग्न झालेल्या बहिणींचंसुद्धा, लेखी संमतीपत्र घ्या. बहिणींना वगळून केलेलं काम पुढे हमखास अडकतं, आणि हक्क त्यांचाही आहेच ना.

४. मग सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज (नॉमिनी लावलेला असेल तर हे सोपं जातं) आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्त कार्यालयात परवान्याचा अर्ज, दोन्ही एकदमच द्या आणि पोच घ्या.

बोटीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी मागा, तिलाच जास्त वेळ लागतो. जमलं तर हे सगळं जून-जुलैच्या बंदीत उरका, बोट तशीही किनाऱ्यालाच असते.

फक्त एक, गेलेल्या माणसाच्या नावच्या परवान्यावर बोट समुद्रात काढू नका, काही झालं तर विम्याचा क्लेम अडकू शकतो आणि खलाशांचे हाल होतात.