लोकल स्टेशनचं वय कसं काढायचं

मुंबईतल्या जुन्या लोकल स्टेशनचा इतिहास शोधायचा तर आधी पाटी नव्हे, खांब बघावेत. पाटी बदलते, २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालंच की.

दुपारी गर्दी कमी असताना जा. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, तेवढ्यात काम होतं. छताचे खांब आणि कुंपण तपासा. यातले बरेच खांब म्हणजे मार्गातून काढलेले जुने रूळच असतात. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, वर्ष, कधी महिना आणि रूळ मागवणाऱ्या रेल्वेची आद्याक्षरं. जी.आय.पी. म्हणजे आजची मध्य रेल्वे, बी.बी. अँड सी.आय. म्हणजे पश्चिम, दोन्ही नावं १९५१ मध्ये गेली. रंगाच्या थरांनी अक्षरं बुजतात, पण खरवडू नका. मोबाइलचा टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा, सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारलात तर नुसता चकचकीत रंग दिसेल.

बहुतेक जण फसतात ते वर्षाला. खांबावर १८९० दिसलं म्हणून छत १८९० चं ठरत नाही. ते वर्ष रूळ कारखान्यात तयार झाल्याचं. पुढे तो कित्येक वर्षं गाड्यांखाली झिजतो आणि मग खांब होतो. म्हणून एकाच छताचे दहा-बारा खांब वाचा आणि सर्वांत अलीकडचं वर्ष धरा. छत त्याआधीचं नाही. मात्र एखादाच खांब वेगळ्या घडणीचा असेल तर तो मागाहून बदललेला असू शकतो, त्याला हिशेबात घेऊ नका.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला लादी आणि छत एकदम बदलतं का बघा. नऊ डब्यांच्या गाड्या बारा डब्यांच्या झाल्या तेव्हा साठ-पासष्ट मीटर जागा वाढवावी लागली, तो सांधा अनेक ठिकाणी दिसतो. त्यासाठी रुळांत मात्र उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे.

मग कागद. कुर्ला, बांद्रा, अंधेरी १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे इंग्रजी अमलातल्या जिल्हावार माहितीग्रंथात, मुंबईखाली शोधाल तर हाती काही लागणार नाही. ही तिन्ही ज्या बेटावर आहेत ती साष्टी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ ही तारीखही मधल्या प्रत्येक स्टेशनला चिकटवू नका, कित्येक स्टेशनं नंतरची आहेत. दादरच्या जुन्या नोंदींत प्लॅटफॉर्मचा नंबर आला तर मध्य की पश्चिम ते आधी ठरवा: डिसेंबर २०२३ पर्यंत दोन्हीकडे १ नंबरचा प्लॅटफॉर्म होता.